"काही करत नाही ना?" : अनोळखी माणसं आणि कुत्री दिसली की पेटणाऱ्या कुत्र्याला शांत राहायला शिकवताना

लिफ्टचं दार तिसऱ्या मजल्यावर उघडतं. समोर दुधाची पिशवी घेतलेले काका. ते अर्धं पाऊल मागे सरतात आणि कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने हजारदा ऐकलेला प्रश्न विचारतात, "काही करत नाही ना?" तुम्ही "नाही हो काका" म्हणेपर्यंत तुमचं ध्यान मागच्या दोन पायांवर उभं राहून पट्ट्याला लोंबकळत असतं, जिना दणाणत असतो आणि तुमचे कान लाल झालेले असतात.

मी ट्रेनर नाही. आमची ठकी ही रस्त्यावरून आणलेली गावठी कुत्री. आणली तेव्हा पाच महिन्यांची होती. पुण्यातल्या एका चार इमारतींच्या सोसायटीत तिच्याबरोबर सात वर्षं काढली, त्यातल्या पहिल्या दीड वर्षात मी जवळजवळ सगळं चुकीचं केलं. त्यामुळे इथे जे लिहितेय ते ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी, आणि ज्या क्रमाने मी करायला हवं होतं त्या क्रमाने.

हा आगाऊपणा नाही

अशा कुत्र्याला हल्ली रिअ‍ॅक्टिव्ह म्हणतात. एखादी गोष्ट दिसली, ऐकू आली की त्याची प्रतिक्रिया प्रसंगाच्या मानाने फारच मोठी येते. मुळाशी बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. पहिली भीती: "तू लांब जा." दुसरी तडफड: "मला तिकडे जायचंय आणि हा पट्टा सोडत नाही." वरवर दोन्ही सारखंच दिसतं, फरक नीट पाहिल्यावर कळतो. भ्यालेला कुत्रा भुंकता भुंकता मागे सरतो, अंगाचं वजन मागच्या पायांवर ठेवतो, समोरचा निघून गेला की सुटकेचा श्वास टाकतो. तडफडणारा पुढे ओढतो, मधूनमधून केविलवाणं कुंईकुंई करतो आणि मोकळा सोडला तर त्याच कुत्र्याशी छान खेळतो. पुढचे उपाय दोघांनाही लागू पडतात.

पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत जग ओळखीचं करून घ्यायचा काळ असतो. त्या दिवसांत ठकी एका बंद पडलेल्या हातगाडीखाली राहत होती. तिला माणसं माहीत होती ती "हाड!" म्हणणारी. हे कळल्यावर माझा राग निम्मा उतरला.

आपल्याकडची एक म्हण मात्र इथे विसरा. "भुंकणारा कुत्रा चावत नाही" हे खोटं आहे. भुंकणारा कुत्रा चावतो, जवळ जात राहिलं तर नक्की चावू शकतो. भुंकणं आणि गुरगुरणं ही त्याची सूचना असते. ती फटके मारून बंद केली तर सूचना तेवढी जाते, भीती तिथेच राहते, आणि पुढच्या वेळी दात न सांगता येतात.

आधी डॉक्टर

शांत असलेला कुत्रा अचानक चिडका झाला असेल तर शिकवणी नंतर, तपासणी आधी. कानातला संसर्ग, दुखरा दात, खुब्याचं दुखणं, गोचीडताप यांपैकी काहीही असू शकतं. दुखत असताना आपणही कुणी खांद्यावर हात ठेवला तर वसकन ओरडतो. त्याच फेरीत रेबीजच्या लसीची तारीख पाहून घ्या आणि महापालिकेचा परवाना काढला नसेल तर काढा. पुढे सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे दोन कागद फार कामाला येतात.

मग दोन आठवडे काहीच शिकवू नका

हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. पण दूध उतू गेल्यावर गॅस बंद केला तरी पातेलं किती वेळ गरम असतं! सकाळी मांजर दिसलं, दहा वाजता कुरिअरवाला आला, दुपारी शेजारी ड्रिल मशीन चाललं. संध्याकाळी समोरून एक गरीब पामेरियन आलं आणि तुमचा कुत्रा फुटला. दोष पामेरियनचा नव्हता. दिवसभर तापत आलेलं पातेलं होतं ते. ताणाची रसायनं अंगातून उतरायला कित्येक तास लागतात, कधी एक-दोन दिवसही. रोजच नवा भडका उडत असेल तर त्याला पूर्ण निवलेला दिवस कधी मिळतच नाही.

म्हणून पहिले दोन आठवडे फक्त टाळाटाळ करा. फिरायची वेळ बदला, पहाटे साडेपाच किंवा रात्री अकरा. पेपर-दूधवाल्यांची वेळ, शाळेच्या व्हॅनची वेळ, रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्या ताईंची वेळ, सगळं एका वहीत लिहून काढा. समोरून कुणी आलं तर रस्ता ओलांडा, गाडीआड व्हा, सरळ मागे वळा. यात कमीपणा काही नाही.

फिरणं कमी झालं तर त्याचं डोकं घरात दमवा. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत खाऊ लपवा, अंड्यांच्या ट्रेमध्ये टाका, खोक्यात कागदाचे बोळे भरून त्यात पेरा. वीस मिनिटं नाक चालवून कुत्रा जेवढा शांत होतो तेवढा अर्धा तास पळूनही होत नाही. आणि झोपू द्या. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो. ज्या घरात दिवसभर माणसं येत-जात असतात तिथे ते होत नाही.

गॅलरीचं बघाच. गॅलरीतून दिवसभर खाली भुंकणं म्हणजे रोजचा रियाज आहे. तुम्ही आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं शिकवणार आणि तो रोज आठ तास उलटा सराव करणार, तर कोण जिंकेल? काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधाळ फिल्म लावा. ती मिळेपर्यंत वर्तमानपत्र चालतं.

सामान

गळपट्टा फक्त परवान्याच्या बिल्ल्यासाठी ठेवा. ओढायला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा हवा, छातीवर पुढे कडी असलेला आणि खांद्यांची हालचाल न अडवणारा. लीश, म्हणजे हातात धरायचा लांब पट्टा, साधारण सहा फुटांची, साधी कापडी. बटण दाबलं की लांब होणारी नको. ऐन वेळी ती आवरता येत नाही आणि हात कापते.

गळा आवळणारी साखळी, काट्यांचा पट्टा, शॉकचा पट्टा यांपैकी काहीही घेऊ नका. पहिल्या वर्षी एका ट्रेनरने ठकीला साखळी लावली आणि दुसरा कुत्रा दिसला की झटका द्यायला मला शिकवलं. आठवडाभर ती गप्प झाली आणि मी पेढे वाटायच्या बेतात होते. तिच्या दृष्टीने गणित सोपं होतं: कुत्रा दिसला की गळा दुखतो, म्हणजे कुत्रा वाईटच. महिन्याभरात ती पूर्वीच्या दुप्पट अंतरावरून भुंकायला लागली. ट्रेनर म्हणवून घ्यायला आपल्याकडे परीक्षा द्यावी लागत नाही. "पंधरा दिवसांत गॅरंटी" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

खाऊ साधासुधा चालणार नाही. बिस्किट आणि पोळीचा तुकडा घरात ठीक आहे. रस्त्यावर भीतीशी टक्कर द्यायची तर उकडलेलं चिकन, उकडलेली कलेजी, पनीर किंवा उकडलेलं अंडं पाहिजे. तुकडे वाटाण्याएवढे करा, कारण एका फेरीत तीस-चाळीस लागतात. तेवढं जेवणातून वजा करा. कांदा-लसूण, मनुका आणि चॉकलेट कुठल्याही रूपात नको. हा चांगला खाऊ फक्त या कामासाठी राखून ठेवा. घरात उगीच मिळाला तर त्याचा भाव उतरतो.

चावण्याची शक्यता वाटत असेल तर मझल, म्हणजे मळणीच्या बैलाला घालतात तसं मुसकं. जाळीचं घ्या, ज्यात जीभ बाहेर काढून धापता येतं आणि पाणी पिता येतं. तोंड बांधून टाकणारं कापडी मुसकं फिरायला नको. कुत्रं धापूनच अंग थंड करतं, आपल्या उन्हात ते जिवावर बेतेल. मुसकं पहिल्याच दिवशी घालू नका. आत दही चोपडा, त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, दोन-तीन आठवड्यांनी पट्टा लावा.

लक्ष्मणरेषा शोधा

प्रत्येक कुत्र्याची एक लक्ष्मणरेषा असते. त्या अंतरापलीकडे दुसरा कुत्रा असेल तर तो पाहू शकतो, विचार करू शकतो, खाऊ शकतो. अलीकडे आला की डोकं बंद. शिकवणी फक्त रेषेच्या पलीकडे होते. भुंकायला लागलेल्या कुत्र्याला "बस! बस! बस!" सांगणं म्हणजे विजेचा झटका बसलेल्याला पाढे विचारणं.

ही रेषा कुठे आहे हे खाऊ सांगतो. एरवी पनीरसाठी जीव टाकणाऱ्याने पनीरकडे पाहिलंच नाही, तर तुम्ही फार जवळ आहात. घेतलं पण बोटासकट ओरबाडलं, तर रेषेवर आहात. नेहमीसारखं घेतलं तर ठीक. ठकीची रेषा सुरुवातीला कुत्र्यांसाठी साधारण साठ पावलं होती, हेल्मेटवाल्यासाठी त्याहून जास्त.

भुंकण्याआधी अंग बोलतं. उघडं तोंड एकदम मिटतं. कान पुढे येतात, अंग लाकडासारखं होतं. झोप नसताना जांभई येते, खाऊ नसताना जीभ ओठांवरून फिरते, डोळ्याचा पांढरा कोर दिसतो. आणि शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, हा समज आधी सोडा. उंच, ताठ, घड्याळाच्या काट्यासारखी टकटक हलणारी शेपटी वादळाची खूण असते. मला हे वाचायला सहा महिने लागले. फिरताना फोन खिशात ठेवला असता तर दोन लागले असते.

मुख्य सराव

आधी तीन शब्द घरात, टीव्ही बंद असताना पक्के करा.

"शाब्बास": हा शब्द कानावर पडला की लगेच तोंडात खाऊ. दिवसातून दहा-पंधरा वेळा, कारण नसतानाही. शब्द कुठलाही चालेल, पण घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा.

"चल": हे म्हणून तुम्ही गर्रकन मागे वळायचं, तो मागे आला की खाऊ. आधी हॉलमध्ये, मग पॅसेजमध्ये, मग रिकाम्या पार्किंगमध्ये. आणीबाणीत हेच तुम्हाला वाचवेल, म्हणून आणीबाणी नसताना शंभरदा घोटून घ्या.

"शोध": मूठभर तुकडे जमिनीवर पसरायचे. नाक खाली गेलं की नजर तुटते.

हे जमलं की बाहेर. जागा अशी निवडा जिथे कुत्री किंवा माणसं दिसतील, पण अंगावर येणार नाहीत आणि तुम्हाला मागे सरायला वाट असेल. मैदानाचा कोपरा, प्राण्यांच्या दवाखान्यासमोरचा पलीकडचा फुटपाथ, सकाळी मोकळं असलेलं पार्किंग. बऱ्याच बागांमध्ये कुत्र्यांना मज्जाव असतो, पण कुंपणाबाहेर उभं राहून आतली माणसं पाहता येतातच.

आता रेषेपलीकडे उभे राहा. लांबवर कुत्रा दिसला. तुमच्या कुत्र्याने पाहिला. "शाब्बास", पनीर. परत पाहिलं, परत पनीर. समोरचा दिसेनासा झाला की पनीरही बंद. इतकंच.

क्रम मात्र चुकवू नका. पावलोव या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना आधी आवाज ऐकू यायचा आणि मग अन्न मिळायचं, म्हणून नुसत्या आवाजाने लाळ सुटायला लागली. तुम्हाला कुत्रा दिसल्यावर तुम्ही घाईने आधीच पनीर काढलं तर उलट होतं. पनीर आलं म्हणजे काहीतरी संकट येतंय, असं त्याच्या डोक्यात बसतं आणि तो पनीरवरच संशय घ्यायला लागतो. हे माझ्याकडून झालं आहे. ठकी खिशात हात गेला की आजूबाजूला शत्रू शोधायची.

पाच ते दहा मिनिटं पुरे. आठवड्यातून तीन-चार वेळा. काही आठवड्यांनी एक दिवस असा येतो की तो समोरचा कुत्रा पाहतो आणि लगेच मान वळवून तुमच्याकडे पाहतो: कुठाय माझं पनीर? हा क्षण दिसला की पुढची पायरी. आता शब्द लगेच म्हणू नका, त्याच्या मान वळवण्याची दोन सेकंद वाट पाहा आणि मग द्या. हे दहापैकी आठ-नऊ वेळा व्हायला लागलं की अंतर दोन-तीन पावलांनी कमी करा. दोन-तीनच. उत्साहात मी एकदम वीस पावलं पुढे गेले होते आणि महिनाभर मागे आले.

समोरासमोर चालत जाऊ नका. कुत्र्यांच्या रिवाजात सरळ रेषेत तोंडावर येणं हा उद्धटपणा आहे. ती एकमेकांना वळसा घालून भेटतात. तुम्हीही वळसा घ्या.

आणि भुंकलाच तर? ओरडू नका, माफी मागत तिथेच उभे राहू नका, "चल" म्हणून लांब व्हा. तेवढ्या अंतरावर तो खाऊ शकला तर द्या. इथे घरातली वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, "भुंकल्यावर खाऊ म्हणजे बक्षीसच की!" माझ्या सासूबाईंचंही हेच मत होतं. भीती ही वागणूक नाही, भावना आहे. वीज कडाडल्यावर रडणाऱ्या नातवाला जवळ घेऊन लाडू दिला तर तो पुढच्या वेळी लाडवासाठी विजेला घाबरत नाही. हे उदाहरण त्यांना पटलं. आता पनीर त्याच कापतात.

पाहुणे, लिफ्ट, दारावरची बेल

पाहुण्यांचं सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे बेडरूमचं दार. बेल वाजायच्या आधी कुत्रा आत, त्याच्याबरोबर चघळायला काहीतरी. प्रत्येक पाहुण्याला त्याने भेटलंच पाहिजे असा नियम नाही, विशेषतः सत्यनारायणाच्या दिवशी.

नेहमी येणाऱ्या माणसाशी ओळख करून द्यायची असेल तर तो माणूस बसलेला असू दे, कुत्रा लीशवर. पाहुण्याने त्याच्याकडे टक लावून पाहायचं नाही, डोक्यावरून हात फिरवायचा नाही, "मला कुत्री ओळखतात हो" असं म्हणायचं नाही. खाऊ हातातून देऊ नये. भित्रा कुत्रा खाऊच्या ओढीने जवळ जातो, खाऊ संपतो, आणि आपण एका अनोळखी माणसाच्या पायाशी आहोत हे त्याच्या ध्यानात येतं. चावे अशा वेळी पडतात. पाहुण्याने तुकडा कुत्र्याच्या मागे, लांब टाकावा. म्हणजे खायला तो लांब जातो आणि परत यायचं की नाही हे स्वतः ठरवतो. लहान मुलं असतील तर प्रयोग करू नका, दार बंद.

लिफ्टमध्ये पळायला जागा नाही, म्हणून ती सगळ्यात अवघड. जमेल तोवर जिना. नाहीतर रिकामी लिफ्ट येईपर्यंत थांबा, "तुम्ही जा पुढे वहिनी" म्हणा. आत कुत्रा कोपऱ्यात, तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये.

बेलसाठी मोबाइलवर बेलचा आवाज रेकॉर्ड करून अगदी हळू वाजवा, प्रत्येक वेळी त्याच्या गादीवर खाऊ टाका. आवाज दिवसागणिक चढवा. तोवर पार्सल वॉचमनकडे ठेवायला सांगा, आणि दिवाळीत त्या वॉचमनदादांना विसरू नका.

रस्त्यावरची मंडळी

परदेशातले व्हिडिओ इथे उपयोगी पडत नाहीत, कारण तिथे समोरचा कुत्रा लीशवर असतो. आपल्याकडे चौकाचौकात टोळी असते आणि प्रत्येक टोळीची हद्द असते. ती हद्द ओळखा: कोण कुठल्या टपरीखाली बसतं, कुठपर्यंत पाठलाग करतं आणि कुठे थांबतं. कानाचं टोक कापलेलं असेल तर नसबंदी झालेली आहे. अशी कुत्री तुलनेने कमी त्रास देतात.

भाद्रपदात काय होतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. माजाचे दिवस, रस्त्यावर मारामाऱ्या, त्यात ढोल-ताशा पथकांचे सराव. तो महिना शिकवणीचा नाहीच, नुसता निभावायचा. ज्या कुत्र्याला आवाजाची फार भीती आहे त्याच्यासाठी गणपती-दिवाळीच्या आधीच डॉक्टरांशी बोला. औषधं असतात. काहींना वर्षभरही द्यावी लागतात, आणि त्यात हार वगैरे काही नसते. मनाने मात्र कुठली गोळी देऊ नका.

मोकळा कुत्रा अंगावर येत असेल तर मूठभर खाऊ त्याच्या तोंडासमोर फेका आणि तो वेचेपर्यंत उलट दिशेने चालत निघा. पळू नका. छत्री सोबत असेल तर ती त्याच्या दिशेने उघडून धरा, भिंत उभी राहते. फक्त आपल्या कुत्र्याला छत्रीची सवय आधी घरात करून द्या, नाहीतर दोघंही एकदम बिथरतील.

राहिले ते मोकळा लॅब्राडोर सोडून लांबून "आमचा फ्रेंडली आहे हो!" ओरडणारे. "आमचा नाही" हे उत्तर त्यांना ऐकू येत नाही. "आमच्याला खरूज आहे, लागेल तुमच्याला!" हे मात्र शंभर फुटांवरून ऐकू येतं. खोटं बोलायचं पाप माझ्या माथी.

सोसायटी आणि कायदा, थोडक्यात

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळायला किंवा लिफ्ट वापरायला बंदी घालता येत नाही. तो कागद जवळ ठेवा, पण मीटिंगमध्ये आपटू नका. कारण भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सुद्धा आहे: आपल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजाऱ्यांना आपणहून सांगा की कुत्रा घाबरट आहे, शिकवणी चालू आहे, कृपया हात लावू नका. मी आमच्या विंगमध्ये घरोघरी जाऊन सांगितलं. निम्म्या लोकांचा सूर तिथेच बदलला.

कुणाला दात लागलाच तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना, तुमच्या कुत्र्याला लस दिलेली असली तरीही. खर्च तुमचा, सोबतही तुमची.

किती दिवस?

महिने. काही कुत्र्यांना वर्षं. "शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच" म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, वही लिहा. भुंकला की नाही एवढंच लिहू नका. किती पावलांवरून भुंकला आणि नंतर शांत व्हायला किती वेळ लागला ते लिहा. फरक आधी तिथे दिसतो. ठकीला पूर्वी सावरायला पाऊण तास लागायचा. आता ती एकदा "भुफ" करते, अंग झटकते आणि माझ्या खिशाकडे पाहते. साठ पावलांची रेषा दहावर आली आहे. काकांबरोबर लिफ्टने जाते, कोपऱ्यात बसून. हेल्मेटवाल्यांशी मात्र अजून जमलेलं नाही. ते आले की आम्ही जिन्याने जातो.